मोटारींतील शेगडी थंड कां पडते?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गें निघालेला रस्ता तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यास येतो, आणि पुढें जव्हार व विक्रमगड ओलांडून मनोरजवळ मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याला मिळतो. मुकणे राजघराण्याचें जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. २०१४ सालापासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. जव्हारची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट. उंची फार नव्हे, परंतु पौष-माघांतल्या पहाटे सूर्यमाळच्या बाजूनें येणारा वारा मुंबईच्या माणसास शालीची आठवण करून देण्यास पुरेसा असतो. अशा पहाटे मोटारींत बसलेलें कुटुंब कांचा वर करतें, चालक हीटरचें बटण लाल खुणेकडे फिरवितो, आणि जाळींतून गार वाऱ्याचा झोत पायांवर येतो. दहा मिनिटें जातात, वीस जातात, झोत गारच. मग बटण बंद होतें, मुलांना चादरींत गुंडाळलें जातें, आणि घरीं परतल्यावर ती गोष्ट वर्षभर कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं. मुंबईत हीटर लावतो कोण?

हें विस्मरण महाग पडूं शकतें. मोटारीच्या हीटरमध्यें स्वतःचा असा विस्तव नसतोच. त्याची सारी ऊब इंजिनाकडून उसनी आणलेली असते. इंजिनांत जळणाऱ्या इंधनाची ढोबळ मानानें एक तृतीयांश शक्ति काम करते. बाकीची उष्णता होऊन कांहीं धुरावाटे जाते व कांहीं इंजिनाभोंवतीं खेळविलेल्या पाण्यांत उतरते. हें तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें निवतें आणि पुन्हां इंजिनाकडे वळतें. त्याच पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांनीं चालकापुढील फळीच्या आंत नेलेला असतो. तेथें एक लहानसा रेडिएटर असतो. पंख्याचा वारा त्याच्या पत्र्यांमधून गेला कीं गरम होतो. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ सालीं बाहेरची ताजी हवा अशा रीतीनें तापवून गाडींत सोडण्याची सोय आणली, आणि आजच्या बहुतेक मोटारींत तत्त्व तेंच आहे. जुन्या बीटल गाडीची गोष्ट निराळी. तिचें इंजिनच हवेनें निवत असे, तेव्हां तिच्यांत पाण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हां हीटर थंड पडला म्हणजे एक तर पाणी तापलेलें नाहीं, किंवा तें हीटरपर्यंत पोंचत नाहीं, किंवा वारा त्याला वळसा घालून येतो. यांपैकीं दुसऱ्या प्रकारांत घाटामध्यें इंजिनच जळण्याचा धोका असतो. हीटर हा बहुधा पाण्याच्या वाटेवरील उंच जागीं बसविलेला असतो; त्यामुळें कोठें गळती होऊन पाणी कमी झालें कीं प्रथम तोच कोरडा पडतो. बंबांतलें पाणी सरत आलें म्हणजे वरची तोटी आधीं आटते, तसाच हा प्रकार. गाडी वेगांत असतांना ऊब येते आणि चौकांत थांबली कीं वारा गार होतो, ही पाणी कमी असल्याची किंवा वाटेंत हवा अडकल्याची जुनी ओळखीची खूण आहे. क्वचित् पाणी ढकलणारा पंपच दुबळा झालेला असतो.

पहिली नजर उष्णतामान दाखविणाऱ्या कांट्याकडे टाकावी. इंजिन नीट तापलें म्हणजे पाणी सुमारें ९० अंशांवर असतें. कांटा अर्धा तास चालूनहि खालींच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट नांवाची झडप उघडी राहून अडकली असावी. इंजिन तापेपर्यंत पाण्यास रेडिएटरकडे जाऊं न देणें हें तिचें काम. ती उघडीच राहिली तर थंडींत, विशेषतः घाट उतरतांना, पाणी कधीं पुरतें तापतच नाहीं. झडप बदलली कीं काम झालें. डिझेलच्या गाड्या मुळांतच सावकाश तापतात, आणि जागेवर उभ्या ठेवून इंजिन चालू ठेवल्यानें तर फारच सावकाश. त्यांना दोष देण्यापूर्वीं चार-पांच मैल चालवून पाहावें.

उलट कांटा वर चढत आहे आणि हीटर मात्र गार आहे, असें दिसलें तर एकहि वळण पुढें न जातां गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावें. कांटा मध्यावर स्थिर आहे एवढ्यावरहि निर्धास्त राहूं नये; उष्णता मोजणारा भाग पाण्याऐवजीं हवेंत उघडा पडला तर तो खोटी साक्ष देतो. मग थांबावें, आणि थांबावें म्हणजे तास-दीड तास खरोखरच थांबावें. तापलेल्या रेडिएटरचें किंवा पाण्याच्या टाकीचें झाकण उघडणें हा शुद्ध अविचार होय. आंतील दाबामुळें साधें पाणीहि सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां राहतें. झाकण फिरतांच दाब उतरतो आणि तेंच पाणी क्षणांत उसळून तोंडावर येतें.

पाणी पुरेसें आहे, कांटा योग्य जागीं आहे, तरीहि वारा गार, अशा वेळीं बॉनेट उघडून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना पंखा व पट्टे सांभाळून, बेतानेंच हात लावून पाहावा. दोन्ही गरम असल्या तर पाणी आपलें काम करीत आहे. दोष गरम व थंड हवेची वांटणी करणाऱ्या आंतील पडद्याचा. त्याची तार निसटलेली असते किंवा त्याला फिरविणारी लहान मोटर बिघडलेली असते. एक नळी गरम आणि दुसरी थंड असली तर हीटरची जाळी गाळानें तुंबली आहे, किंवा तिची तोटी वर्षभर न फिरल्यानें मिटून बसली आहे. आपल्याकडे हा दुसरा प्रकार फार. पाणी गोठण्याची भीति नाहीं म्हणून कूलंट टाळून लोक वाटेंतल्या विहिरीचें वा नळाचें पाणी ओततात. त्यांतले क्षार आंत साचतात, लोखंडाला गंज चढतो, आणि हीटरच्या बारीक नळ्या सर्वांआधीं बुजतात. कूलंट गोठण्यापासून वांचवितें हा त्याचा अर्धाच गुण. तें गंज आवरतें आणि उकळण्याची मर्यादाहि वाढवितें, हा उरलेला अर्धा मोखाड्याच्या चढावर अधिक उपयोगाचा. गाडी बनविणाऱ्यानें सांगितलेल्या जातीचें कूलंट घ्यावें. तें तयार मिश्रण नसेल तर शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यांत, बहुधा निम्में-निम्में, मिसळावें. त्यांतील ग्लायकॉल गोडसर पण विषारी असतें, म्हणून सांडलेलें पुसून काढावें आणि मुलें व कुत्रीं-मांजरें यांपासून दूर ठेवावें.

तुंबलेली जाळी बहुधा न बदलतां साफ होते. दोन्ही नळ्या सोडवून नेहमींच्या उलट दिशेनें, मंद दाबानें, निवळ पाणी येईपर्यंत धुवावें; जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रा फुटतो. नंतर पाणी भरतांना आंत कोंडलेली हवा काढणें हें खरें कौशल्य. थंड गाडीचें तोंड चढाकडे करून उभी करावी, हातब्रेक ओढून चाकांखालीं दगड द्यावेत, झाकण काढून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, आणि इंजिन मंद चालवून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालीत जावें. इंजिन तापत आलें कीं झाकण घट्ट बसवावें. मोखाड्यांत चढ शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. कांहीं गाड्यांना हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. तेथें पुस्तिकेंत सांगितलेली रीत पाळावी. पायाखालचा गालिचा ओला, आंत गोडसर वास आणि कांचेवर तेलकट धूसर थर, एवढीं लक्षणें एकत्र दिसलीं तर जाळीच फुटली आहे असें समजून कारागिराकडे जावें. ती काढण्यासाठीं पुष्कळदां समोरची सारी फळी उतरवावी लागते.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत इंजिनच नसल्यानें ही उसनवारी संपली आहे. त्यांत वीज खर्चून ऊब निर्माण करावी लागते, आणि हीटर लावला कीं एका भरणींत होणारा पल्ला घटतो.

या डोंगरांत हीटरचें खरें काम मात्र पौषांत नसून श्रावणांत आहे. पावसाळी ढग घाटांत उतरतात, गाडींत पांच माणसांचे श्वास आणि ओले कपडे असतात, आणि समोरची कांच आंतून धुरकटते. तेव्हां वातानुकूलन यंत्र हवेंतील ओल काढून घेतें आणि हीटर ती कोरडी हवा कोमट करून कांचेवर सोडतो. बाहेरची हवा आंत घेण्याचें बटण तेवढें उघडें हवें. हीटर मेलेला असेल तर चालकाच्या हातीं उरतो तो रुमाल, आणि तोरंगणच्या वळणावर एका हातानें रुमाल फिरवीत दुसऱ्यानें सुकाणू धरणें हा कांहीं उपाय नव्हे. म्हणून ज्येष्ठांत, पहिल्या पावसाआधीं, घरच्या अंगणांत थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहावी, मग दहा-पंधरा मिनिटें गाडी चालवून हीटर लावावा आणि जाळीपुढें हात धरून पाहावा.