चौदा फेब्रुवारीचे श्रीखंड

चौदा फेब्रुवारीला पती-पत्नींनी एकमेकांना काही द्यावे, हा प्रघात आमच्या पिढीच्या संसारात मुळी नव्हताच. आमचे लग्न झाले तेव्हा नव्या दूरचित्रवाहिन्या आणि शुभेच्छापत्रांची दुकाने हा दिवस नुकताच आपल्याकडे आणत होती. सांप्रत माझ्या चिकित्सालयातील परिचारिकाही त्या दिवशी लवकर घरी जाण्याची परवानगी मागतात व मी ती आनंदाने देते. सण परका असला तरी त्यामागची भावना काही परकी नाही. मात्र त्या दिवशी बेकरीतून बदामाच्या आकाराचा केकच आणला पाहिजे, हे मला पटत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत आमच्या वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भरपूर येते, आणि थंडी अजून पुरती ओसरलेली नसल्याने चक्का रात्रभर टांगला तरी फारसा आंबत नाही. असा योग असता श्रीखंड सोडून दुसरे काय करावे?

परंतु श्रीखंड म्हटले की साखरेचा हिशेब आलाच. आपल्या घरांतील जुने प्रमाण जितका चक्का तितकी साखर असे आहे. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर. बाजारी श्रीखंडाची गोष्ट फारशी वेगळी नाही. सरकारी मानकानुसार त्यातील पाणी वगळता उरलेल्या घन भागात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घेतलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली राहिल्यास अधिक बरे. प्रौढ व्यक्तीसाठी हे पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम. एका वाटीत दोन दिवसांची साखर संपते, आणि आपल्याकडे वाटी एकच घेतली तर यजमानीणबाई रागावतात.

हा हिशेब मी एरवी मनातल्या मनात केला असता आणि सोडून दिला असता. गेल्या वर्षी जानेवारीत ह्यांचा एचबीए-वन-सीचा अहवाल ६.३ आला. हे भूलतज्ज्ञ; शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची साखर किती, हा ह्यांचा रोजचा पहिला प्रश्न. स्वतःचा आकडा मात्र ह्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवला. माझे सासरे मधुमेही होते. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली, आणि अखेरची दोन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस झाले. त्या काळात त्यांना रुग्णालयात नेणारे हेच. घडी घातलेल्या त्या कागदाविषयी आम्ही दोघे आठवडाभर काहीच बोललो नाही. आयसीएमआर-इंडियाबचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास पूर्व-मधुमेही असल्याचे सांगतो. तो वाचताना हे आकडे दुसऱ्यांचे वाटले होते.

आता पर्यायांविषयी. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजुराचा गर घालून पदार्थ ‘पौष्टिक’ झाला, असे समजणाऱ्या सुशिक्षित मंडळींची संख्या पाहून मी थक्क होते. गुळात थोडे लोह असेल, मधाला सुगंध असेल, पण रक्तातील साखर त्यांचे कुळ विचारत नाही. (आणि मध एक वर्षाखालील बाळाला चाटवू नये, हे बालरोगतज्ज्ञाला जेथे संधी मिळेल तेथे सांगावेच लागते.) कृत्रिम गोडीचे म्हणाल तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये सुचवले. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही लक्षात ठेवावे. माझा आक्षेप वेगळाच आहे: त्या गोळ्यांनी जिभेची गोडाची मागणी तेवढीच राहते. वडोदऱ्यात डाळीतही गूळ पडतो, आणि गायकवाडांच्या काळापासून येथे राहिलेल्या आम्हा मराठी घरांची जीभ तशीही गोडावलेलीच. तेव्हा मागणीच कमी करणे हा मार्ग उरला. महिनाभर आधी चहातली साखर निम्म्यावर आणली आणि मग श्रीखंडाला हात घातला.

एक लिटर सायीच्या दुधाचे दही लावून मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगले की सुमारे तीनशे ग्रॅम चक्का मिळतो. बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते, प्रथिने मात्र चक्क्यात राहतात. ते पाणी ओतून देऊ नये. त्यात मेथीच्या थेपल्यांची कणीक भिजवली तर थेपले दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. चक्का पुरणयंत्रातून काढून त्यात तीनशेऐवजी तीस ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, कोमट दुधात खललेले केशर, वेलची आणि जायफळ घालावे. वास गोड असला की जीभ कमी साखर मान्य करते, म्हणून वेलचीत कंजुषी नको. दोनशे ग्रॅम पिकलेली स्ट्रॉबेरी अगदी वाढताना बारीक चिरून मिसळावी, आधी मिसळल्यास पाणी सुटते. फार गार पदार्थ कमी गोड लागतो. वाटी खाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी. एवढ्यात चार वाट्या होतात, आणि वरची साखर प्रत्येकीत दीड चमचा. अर्थात सायीचे स्निग्ध त्यात आहेच, म्हणून वाटी एकच.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

“साखर विसरलीस का?”

“अहो, विसरले नाही. मोजली.”

हे हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “बाबांना असे कोणी करून दिले नाही.” मग वाटी स्वच्छ झाली. तो घडी घातलेला कागद त्या रात्री प्रथमच जेवणाच्या टेबलावर उघडला गेला, आणि सकाळी फिरायला किती वाजता निघायचे, हे आम्ही ठरवले. मे महिन्यातील तपासणीत आकडा ५.९ होता. त्याचे श्रेय श्रीखंडाला देणे अशास्त्रीय होईल. रोजच्या चार किलोमीटरांचा वाटा मोठा.

चिकित्सालयात मानेवर काळसर, जाडसर पट्टा असलेली दहा-अकरा वर्षांची मुले हल्ली वारंवार दिसतात. आई तो मळ समजून घासत असते. तो इन्सुलिन निष्प्रभ होत असल्याचा इशारा असतो. ब्रिटनमधील साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३मध्ये संपले. गर्भावस्थेपासूनचे पहिले हजार दिवस त्या रेशनिंगमध्ये गेलेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे पस्तीस टक्के कमी राहिला, असे २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आमची सव्वा वर्षाची नात यंदा फेब्रुवारीत येथे होती. तिच्यासाठी साखर घालण्याआधीच दोन चमचे चक्का बाजूला काढला आणि त्यात स्ट्रॉबेरी कुस्करली. तिने तो दोन्ही हातांनी खाल्ला, उरलेला आजोबांच्या चष्म्याला लावला, आणि त्यांच्या वाटीकडे ढुंकूनही पाहिले नाही.