स्लॅबची ताकद विचारणार कोण?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे जिल्ह्यातल्या महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, त्याखालच्या वर्गांत दुरुस्तीची मुभा. यादीत नाव नसलं की रहिवासी सुटकेचा श्वास सोडतात. भिवंडी तालुक्यात, मानकोलीच्या वळपाड्यातल्या वर्धमान कंपाऊंडमधली इमारत मात्र जेमतेम दहा वर्षांची असल्याचं सांगितलं गेलं होतं. खाली गोदाम, वर कामगारांची बिऱ्हाडं. २९ एप्रिल २०२३ रोजी, शनिवारी भर दुपारी ती कोसळली आणि आठ माणसं गेली.

महापालिका हद्दीत तीस वर्षं उलटलेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडी शहरातली जिलानी इमारत पडली, ती १९८४ सालची. तिथे निदान वयाचा निकष लागू पडत होता. महापालिका हद्दीबाहेरच्या वळपाड्यातल्या इमारतीला तो लावला असता, तरी तिची पाळी यायला वीस वर्षं होती. म्हणजे तपासणीचा मुख्य निकषच गोदामांच्या पट्ट्यात अपुरा पडतो. इथे इमारत म्हातारी होण्याआधी तिचा वापर बदलतो.

त्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर होता, हेही तेव्हा बातम्यांत आलं. टॉवर म्हटलं की सोसायट्यांमध्ये वाद होतो तो किरणोत्सर्गावरून. त्या भीतीची दखल सरकारनेही घेतली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. टॉवर, जनरेटर आणि बॅटऱ्यांचं वजन गच्ची पेलेल का, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच सभेत येतो. खरं तर दूरसंचार विभागाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत गच्चीवरच्या टॉवरसाठी इमारतीच्या मजबुतीचा दाखला मागितलेला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा तफावतीचं कारण मांडलं. तज्ज्ञ धोका मोजताना वर्षाला किती माणसं मरतात ते बघतात. सामान्य माणूस दोन गोष्टी बघतो: धोका किती भयंकर वाटतो आणि किती अनोळखी आहे. न दिसणारे किरण दोन्ही कसोट्यांवर वरच्या नंबराला येतात. डोक्यावरचा स्लॅब रोजच्या ओळखीचा. तो काल पडला नाही, म्हणून आजही पडणार नाही असं मन धरून चालतं.

कालच्या दिवसाचा हा पुरावा किती फसवा आहे, ते आकड्यांत नीट दिसतं. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरायचा. गोदामासाठी किमान ७५० किलो, आणि थप्पी उंच असेल तर त्याहून जास्त. आता घरासाठी आखलेला पाच इंची स्लॅब घ्या. हा हिशेब कुठल्याही एका इमारतीचा नाही, केवळ नमुन्याचा आहे. स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, लादी-गिलावा शंभर, माणसं-सामान दोनशे. एकूण सहाशेच्या थोडं पुढे. आराखड्यात याची दीडपट धरतात, म्हणजे नऊशेच्या आसपास. त्याच खोलीत सुताच्या गोण्या किंवा खोकी गोदामाच्या हिशेबाने रचली की भार साडेअकराशेच्या पुढे जातो. दीडपटीची राखीव ताकद तिथेच संपते.

तरीही स्लॅब त्या दिवशी पडत नाही. काँक्रीट आणि सळईच्या ताकदीतही वेगळी राखीव ठेवलेली असते. ती त्याला उभं धरते. मग गळती, गंजणारी सळई, गच्चीवर चढलेला नवा बोजा अशा कारणांनी तीही खर्ची पडते. मालकाला मात्र तोवर वाटत असतं, इतकी वर्षं माल ठेवतोय, काही झालं का?

याच मानकोलीच्या परिसरात मोठ्या कंपन्यांची गोदामं आहेत. पोलादी सांगाड्याच्या ठरावीक मापाच्या शेड, आग विझवणारे फवारे आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीलगत चौरस मीटरला पाच टन पेलणारी फरशी. या कंपन्या प्रमाण ठरवून बांधतात, कारण भाडेकरू कंपनी तपशील मागते आणि मालाचा विमा उतरवणारा प्रश्न विचारतो. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या हमालाच्या वतीने असा प्रश्न विचारणारं कोणी नाही. खरा फरक इथे आहे.

विचारणारा लागतो, हेच बॉयलरचा इतिहास सांगतो. अमेरिकेत १८६६ मध्ये हार्टफर्डला एक विमा कंपनी निघाली ती बॉयलर तपासण्यासाठीच. तरी १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण मेले. मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये नियम केले आणि दशकभरात अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने बॉयलरची संहिता प्रसिद्ध केली. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा आला. भिवंडीतल्या सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या बॉयलरला निरीक्षकाचा दाखला लागतो तो त्या परंपरेतून. वर माल साठवलेल्या स्लॅबला तसा नियमित दाखला कोणी मागत नाही.

डोंबिवलीच्या मोठागावहून मानकोलीला येणारा खाडीपूल २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला, त्यामुळे इथे गाळ्यांची आणि भाड्याच्या खोल्यांची मागणी वाढणारच. नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. मानक ८७५ मध्येच लिहिलं आहे की गोदामासारख्या इमारतीत मजला किती भार पेलतो, याची कायमची पाटी ठळक जागी लावावी. एमएमआरडीए या नियोजन प्राधिकरणाने आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येक मजली गोदामावर ती पाटी सक्तीची करावी. वापर बदलला, मजला चढला किंवा गच्चीवर टॉवर आला, की इमारतीचं वय न बघता ऑडिट मागावं. आणि गाळा किंवा खोली भाड्याने घेणाऱ्याने अनामत रक्कम देण्याआधी मालकाला ती पाटी दाखवायला सांगावी.