पोज त्यांची, फोटो आपला

पावसाळा लागला की हल्ली मांजरसुंब्याच्या घाटात लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटोशूट सुरू होते. घेरदार गाऊन, वाऱ्यावर उडता पदर, सगळे कुठल्या तरी नटीच्या फोटोवरून! बायका नावे ठेवतात, पण मला त्यात वावगे वाटत नाही.

चेन्नईचे फोटोग्राफर जी. वेंकट राम यांनी २०२० च्या एका कॅलेंडरसाठी नट्यांना घेऊन राजा रविवर्मांची चित्रेच पुन्हा उभी केली. तीच बसायची ढब, तसेच दागिने. पण मूळ कुणाचे, ते उघड सांगून. शिवाय रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही.

बचत गटात मात्र वेगळेच चालते. ब्लाऊज शिवायचे आपण आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा मुंबईच्या मॉडेलचा! मग गिऱ्हाईक विचारते, "ताई, फोटोतलं कुठंय?" १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नुसती पोज कुणाच्या मालकीची होत नाही, फोटो मात्र होतो. तो काढणाऱ्याचा. पैसे देऊन काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर आपला. म्हणजे लग्नातला तुमचा फोटो स्टुडिओवाल्याने न विचारता जाहिरातीत लावला, तर जाब विचारता येतो बरं का!

गटातल्या पोरींना म्हटलं, आपलंच ब्लाऊज घाला अन् सकाळच्या उजेडात उभ्या राहा. एकीने जावेला अंगणात उभे केले. मागे कडब्याची गंजी आली खरी, पण पाठीवरची नाडी, गोंडे, शिलाई सगळे स्पष्ट दिसते.