राणीछापचा लॉट घेण्याआधी

‘आजोबांच्या पेटीतली १०० जुनी नाणी, एकत्र फक्त १,९९९ रुपयांत.’ अशी जाहिरात मोबाइलवर आली की नवा हौशी संग्राहक तिथेच घुटमळतो. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात एकेक राणीछाप रुपया तोलूनमापून घ्यावा लागतो, इथे तर अख्खी पिशवी घरपोच मिळते! पिशवीत चार खोटी निघणार हे त्यालाही ठाऊक असतं. पण ती चार ओळखायच्या म्हणून ज्या खुणा तोंडोतोंडी फिरतात, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि नकली माल खपवणाऱ्याला त्या तोंडपाठ असतात.

सगळ्यात लाडकी खूण चुंबकाची. चिकटलं तर नकली, नाही चिकटलं तर अस्सल. चांदी आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही, इथवर ठीक आहे. पण पितळही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही नाही, आणि नकली रुपये बहुधा याच धातूंवर चांदीचा मुलामा चढवून बनतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो शुद्ध निकेलचा. तो चुंबकाला झटकन चिकटतो आणि तरीही शंभर टक्के अस्सल असतो. निव्वळ चुंबकाच्या भरवशावर बसणारा माणूस वाघ फेकून देतो आणि पितळ जपून ठेवतो.

मग वजन? कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. पुढे राणीछाप आणि राजाछाप रुपयाचं वजनही तेच राहिलं. त्यात चांदी १२ भागांत ११ भाग. वजन कमी भरलं आणि नाणं झिजलेलं नसलं, तर शंका घ्यायलाच हवी. पण वजन बरोबर भरलं म्हणून नाणं बरोबर ठरत नाही. हलका धातू वापरणारा जाडी किंचित वाढवतो आणि काटा समाधानी होतो.

इथे घरबसल्या करण्यासारखी एक चाचणी आहे आणि ती चुंबकापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला ते टेकता कामा नये, आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढा. आता काट्यावर जो आकडा दिसेल, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ११.६६ ग्रॅमचं चांदीचं नाणं असेल तर काटा १.१३ च्या आसपास दाखवतो आणि भागाकार १०.३ येतो. जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असेल तर काटा १.३ च्या पुढे जातो आणि भागाकार ९ च्याही खाली घसरतो. नाणं झिजून हलकं झालेलं असलं तरी भागाकार बदलत नाही, ही या चाचणीची गंमत. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्म्यावर आणली गेली. त्यांचा भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. ते खोटे नाहीत.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. १९३९ पर्यंतच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. आजचा चांदीचा भाव पाहा आणि गुणाकार करा. नुसत्या वितळवलेल्या चांदीपेक्षा कमी किमतीत राणीछाप रुपया देणारा दाता अजून जन्माला यायचा आहे. लॉटमध्ये ‘चांदीचे १० रुपये, प्रत्येकी १५०’ असं लिहिलं असेल तर काटा काढायचीसुद्धा गरज नाही.

आता त्या बहुचर्चित ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ कडे येऊ. एका बाजूला रामदरबार, हनुमान, कमळ किंवा ॐ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं आणि ‘यूकेएल, वन अण्णा’ असं काहीबाही. मोठ्या लॉटमध्ये याची दोन-तीन तरी निघतातच, आणि यांच्या नावावर लाखोंच्या कहाण्या सांगितल्या जातात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. एक अण्याचं नाणं आपल्याकडे पहिल्यांदा आलं ते १९०७ मध्ये, कंपनी गेल्यावर जवळपास अर्ध्या शतकाने. देवाची छाप कंपनीने कधीच वापरली नाही, असं मात्र छातीठोकपणे म्हणू नका. मद्रास इलाख्यात तिने विष्णूची आकृती असलेले सोन्याचे पॅगोडा पाडले होते. रामटंकाही असतात, पण त्या देवघरात ठेवायच्या धार्मिक मुद्रा. त्यांना चलनाचा दर्जा कधीच नव्हता. रामटंका म्हणून रामटंका घेतली तर कुणी फसवलं असं होत नाही. फसवणूक सुरू होते ती तिच्यावर कंपनीचं नाव आणि १८१८ टाकल्यापासून.

सनावरून नकली पकडायची सवय नागपूरकराला तरी सोपी जावी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी. नाण्यांवरही तोवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ होतं. ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ आलं ते १८७७ पासून. तेव्हा १८६२ चा सन आणि ‘एम्प्रेस’ एकाच रुपयावर दिसले की समजा, साचा बनवणाऱ्याने दोन नाण्यांच्या बाजू जोडल्या आहेत. १९३९ च्या रुपयाबाबतही सावध राहा. सहाव्या जॉर्जचा हा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या सनातला आकडा खरवडून तो बनवला जातो. खरा १९३९ चा रुपया शंभराच्या पिशवीत चुकून सापडेल, अशी आशा धरू नये. लॉट विकणाऱ्याने तो आधी स्वतः वेचलेला असतो.

शिवराईबद्दलचा गैरसमज हळवा आहे, म्हणून जरा जपून. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेला तांब्याचा पैसा शिवाजी महाराजांनी सुरू केला, हे खरंच. पण ती छाप पुढे पेशवाईतही चालू राहिली, त्यामुळे बाजारातल्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळानंतरच्या आहेत. त्या खोट्या नाहीत, फक्त जाहिरातीत म्हणतात तेवढ्या जुन्या नाहीत. सोन्याच्या शिवकालीन होनाचं तसं नाही. तो इतका विरळा, की लॉटमध्ये मिळणारा होन ही मुलामा दिलेली प्रतिकृतीच समजावी.

शिवराई असो की नागपूरकर भोसल्यांचा रुपया, ही हातोड्याने ठोकलेली नाणी. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, म्हणून अक्षरं कडेला तुटलेली, आकार ओबडधोबड, आणि एकासारखं दुसरं नाही. संपूर्ण मजकूर गोलात नीट बसलेला, कडा एकसारखी गुळगुळीत, असं नाणं अस्सल म्हणून पाहताना भुवई उंचवा. भोसल्यांच्या रुपयावर मजकूर फारसी आणि नाव मुघल बादशहाचं असे. नागरी लिपीत ‘नागपूर’ लिहिलेला रुपया कुणी दिला तर हसून परत करा.

लॉटमध्ये घेणाऱ्याला एक फायदा मात्र आहे, जो सुटं नाणं घेणाऱ्याला नाही. सगळी नाणी जुळ्या-जुळ्यांनी मांडा आणि भिंगाखाली पाहा. दोन शिवरायांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा किंवा तोच खड्डा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतल्या आहेत. वापरताना पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर हुबेहूब एकाच जागी पडत नाही.

हिरवा थर म्हणजे जुनेपणाचा दाखला, हेही खरं नाही. तो रसायनांनी चार दिवसांत आणता येतो. आणि अस्सल नाणं हाती आलंच तर चिंच-मीठ लावून घासू नका, किंमत तिथेच उतरते.

‘शेतात नांगरताना हंडा सापडला’ ही गोष्ट विदर्भात चांगली खपते, कारण इथे ते घडलंही आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला आणि नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्यावर लिहिलं. पण १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. तेव्हा हंड्याची गोष्ट खोटी असेल तर माल खोटा, आणि खरी असेल तर व्यवहार बेकायदा. दोन्हींत घेणाऱ्याचंच नुकसान. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर पाठवण्यालाही १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून परदेशातल्या भाच्याला भेट पाठवताना विचार करा.

शेवटचा गैरसमज खिशाला सर्वांत जास्त कात्री लावतो. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं किंवा ७८६ ची नोट रिझर्व्ह बँक लाखांत घेते म्हणे, फक्त आधी ‘नोंदणी शुल्क’ भरा. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत आपण पडत नाही आणि कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे.

लॉट घ्यायचाच असेल तर प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, शेजारी चिठ्ठीवर तुमचं नाव लिहायला सांगा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. विक्रेता कां-कू करू लागला तर सोडून द्या. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.