खापर दातांवर, पुरळ लाळेचं

खालच्या ओठाच्या कडेपासून हनुवटीपर्यंत पसरलेला लालसर पट्टा, त्यावर बारीक पुटकुळ्या, मधूनच सुटलेले कोरडे पापुद्रे. बाळ ज्या कुशीवर झोपतं त्या बाजूचा गाल दुसऱ्यापेक्षा जास्त भडकलेला. गळ्याच्या वळीत ओल. सावळ्या त्वचेवर ही लाली तितकी उठून दिसत नाही. तिथे तपकिरी, काळपट झाक येते आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतं. तान्ह्या बाळाला अंगाखांद्यावर खेळवलेल्या प्रत्येक घराला हे चित्र ओळखीचं आहे.

‘दात येताहेत, म्हणून उठलंय,’ असं घरातलं कोणीतरी मोठं माणूस सांगतं. त्यात अर्धं तथ्य आहे. दात आणि पुरळ एकाच काळात येतात हे खरं, पण दोघांच्या मध्ये एक दुवा आहे आणि तो दुवा म्हणजे लाळ. हे नीट समजलं की उपाय किती साधा आहे ते कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणतं पुरळ दातांच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं नाही, हेही कळतं.

लाळ दातांच्या आधी येते

बाळाच्या लाळग्रंथी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून जोमाने कामाला लागतात. पहिला दात मात्र साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. काहींना चौथ्या महिन्यात, तर काहींना थेट वर्ष पूर्ण होताना. म्हणजे लाळेरं बांधायची वेळ दातांच्या बरीच आधी येते. मोठ्या माणसाच्या तोंडातही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती बाहेर येत नाही, कारण आपण नकळत सतत गिळत असतो. ओठ मिटलेले ठेवणं आणि लाळ जिभेने मागे नेऊन गिळणं हे बाळाच्या स्नायूंना हळूहळू जमतं. तोवर ती ओठांवरून ओघळत राहते.

दात हिरडीपाशी आले की हिरड्या शिवशिवतात. बाळ स्वतःची मूठ, खेळणं, आईची ओढणी, हाताला लागेल ते तोंडात घालतं. चावण्याने लाळ आणखी सुटते, तोंड उघडं राहतं आणि ओल हनुवटीवर उतरते. दुधाचे दात एकूण २०. आधी पटाशीचे, मग साधारण १३ ते १९ महिन्यांत पहिल्या दाढा, १६ ते २३ महिन्यांत सुळे आणि २३ ते ३३ महिन्यांत मागच्या दाढा. त्यामुळे हे पुरळ एकदा येऊन कायमचं जात नाही. दीड-दोन वर्षांत ते अधूनमधून डोकं वर काढत राहतं. दीड-दोन वर्षांपर्यंत लाळ गळणं स्वाभाविकच आहे. चार वर्षांनंतरही सतत गळत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

ओल्या त्वचेचं काय होतं?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर हा मृत, चपट्या पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. आतलं पाणी आत ठेवणं आणि बाहेरचा त्रासदायक पदार्थ बाहेर ठेवणं, ही त्याची दोन कामं. बाळाचा हा थर मोठ्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के पातळ असतो आणि त्यातून पाणीही लवकर उडतं.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच पाचच्या आसपास. लाळेचा पीएच साताच्या जवळपास जातो. लाळेने त्वचा वारंवार भिजली की तिची आम्लता घटते. स्निग्ध थर बांधणारी रसायनं आम्लतेत चांगली काम करतात, त्यामुळे त्यांचं काम मंदावतं. पेशी सुट्या करणारी रसायनं उलट जास्त चपळ होतात. लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेजसारखं विकरही असतं. मग लाळ वाळते, आणि वाळताना त्वचेचा स्वतःचा ओलावाही घेऊन जाते. थंडीत ओठ फुटले म्हणून आपण ते जिभेने ओले करतो आणि ते आणखी फुटतात, ते याच कारणाने.

यात भर पडते ती घासण्याची. लाळ दिसली की पुसायची हा घरातल्या प्रत्येकाचा सहज हात. दिवसभरात खरखरीत टॉवेलने, शर्टाच्या बाहीने, पदराने ती हनुवटी कितीदा पुसली जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यातच सहाव्या महिन्यात उष्टावण होतं. वरणभात, टोमॅटोचं सार, संत्र्याचा रस तोंडाभोवती लागतात आणि आधीच सोललेल्या त्वचेला ते झोंबतात. वैद्यकशास्त्र याला त्रासदायक पदार्थाच्या संपर्काने आलेला त्वचादाह म्हणतं. ही ॲलर्जी नव्हे, जंतुसंसर्गही नव्हे.

अभ्यास काय सांगतात?

दात येण्याच्या लक्षणांवर २००० साली दोन लक्षणीय अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी १२५ बाळांच्या पालकांकडून रोजच्या नोंदी घेतल्या. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस असा आठ दिवसांचा काळ त्यांनी तपासला. लाळ गळणं, चावणं, चिडचिड, अंग किंचित कोमट लागणं आणि चेहऱ्यावरचं पुरळ, यांचा दात येण्याशी संबंध दिसला. अंगावर इतरत्र उठलेलं पुरळ, १०२ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप, उलट्या, खोकला आणि पातळ शी यांचा मात्र संबंध दिसला नाही. कोणतंही एक लक्षण ३५ टक्क्यांहून अधिक बाळांत आढळलं नाही. म्हणजे लक्षणांवरून ‘आता दात येणार’ हे खात्रीने सांगता येत नाही.

मेलबर्नमधल्या अभ्यासात पाळणाघरातल्या २१ मुलांची रोज तपासणी झाली. तिथे तर दात येणं आणि ताप, लाळ किंवा पुरळ यांचा काहीच संबंध आढळला नाही. तरीही नंतर विचारल्यावर सगळ्याच पालकांनी आपल्या मुलाला दात येताना त्रास झाल्याचं सांगितलं. दात येण्याचा काळ इतका लांब असतो की त्या दोन वर्षांत जे जे घडतं ते दातांशी जोडलं जातं. शिवाय आईकडून नाळेतून मिळालेली प्रतिपिंडं याच सुमारास कमी होतात, बाळ रांगू लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं आणि आजारपणं सुरू होतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

औषधानेच झालेला आजार

हा गोंधळ किती महागात पडू शकतो याची नोंद इतिहासात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंचं कारण ‘दात येणे’ असं लिहिलं गेलं. त्या धास्तीपोटी बाळांना दात सुलभ येण्याच्या पुड्या दिल्या जात. अशा अनेक पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. काही बाळांचे हातपाय, नाक आणि गाल गुलाबी होऊन सोलू लागत, उजेड सहन होत नसे, आणि काहींचे नुकते आलेले दातही पडत. या आजाराला ‘पिंक डिसीज’ म्हणत. त्याचं कारण अनेक दशकं कोणालाच उमगलं नव्हतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये वारकनी आणि हबर्ड या संशोधकांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला आणि १९४८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ब्रिटनमध्ये १९५४च्या सुमारास या पुड्यांतून पारा काढला गेला आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. दातांसाठी दिलेल्या औषधानेच पुरळ उठत होतं आणि दात पडत होते.

आपल्याकडेही हिरड्यांना मधातून टाकणखाराची लाही लावण्याची रीत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. १९८३ साली ब्रिटनमधून सात बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. मध आणि बोरॅक्स लावलेली चोखणी दिल्याने त्यांना झटके आले होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं तर त्यातल्या बॉट्युलिझमच्या जंतूंमुळे वेगळंच धोक्याचं. बेंझोकेनची बधिर करणारी जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली बजावलं. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते.

उपाय: टिपा, सुकवा, झाका

लाळेच्या पुरळाला औषध लागतंच असं नाही. त्वचेला कोरडं राहायला वेळ मिळाला की ती स्वतःच भरून येते. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे छोटे तुकडे करून ठेवा. लाळ दिसली की कापड नुसतं टेकवायचं आणि टिपायचं, घासायचं नाही. जेवणानंतर साध्या कोमट पाण्याने तोंड धुवा. दर वेळी साबण नको, सुगंधी ओले वाइप्सही नकोत. लाळेरं ओलं झालं की लगेच बदला. ओलं लाळेरं छातीला आणि गळ्याला चिकटून राहिलं की पुरळ खाली सरकतं. गळ्याच्या वळ्या हलकेच उघडून कोरड्या करा. रात्री गालाखालचं दुपटं ओलं झालं असेल तर तेही बदला.

त्वचा पूर्ण सुकली की पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. तेलविहिरींच्या दांड्यांवर साचणाऱ्या मेणचट पदार्थापासून रॉबर्ट चेसब्रो यांनी ही जेली बनवली आणि १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. ती त्वचेत मुरत नाही, वर राहते, आणि तोच तिचा गुण आहे: आतलं पाणी उडत नाही आणि बाहेरची लाळ आत भिडत नाही. जेवणाआधी आणि झोपण्याआधी लावली की फरक चांगला पडतो. सुगंध नसलेली घ्या. थोडी तोंडात गेली तरी अपाय होत नाही. खोबरेल तेल त्वचा चिरलेली नसेल तर चालतं, पण लाळेच्या ओघात ते जेलीइतकं टिकत नाही.

हिरड्यांसाठी स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलका दाब, किंवा फ्रिजमध्ये गार केलेलं टीदर पुरेसं आहे. टीदर फ्रीझरमध्ये ठेवू नका; दगडासारखं कडक झालं तर हिरडीला इजा होते. गळ्यात मण्यांची माळ घालू नका. तिने फास बसू शकतो, मणी घशात अडकू शकतो.

डाळीचं पीठ, साय, लिंबू, हळद यांचे लेप या त्वचेवर चोळू नयेत. पावडरचा धुरळा श्वासातून आत जातो, म्हणून तीही टाळावी. सगळ्यात जपायचं ते घरात पडून असलेल्या मलमाच्या ट्यूबपासून. खाजेवर, गजकर्णावर म्हणून मिळणाऱ्या कित्येक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून विश्वास बसतो. पण पुढे त्वचा पातळ होते, तोंडाभोवती हट्टी पुरळ उठतं आणि बाळाच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, ती या गैरवापरामुळेच. बालरोगतज्ज्ञ कधी सौम्य स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात. तो निर्णय त्यांचा.

हे पुरळ दातांचं नाही

मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या तर तो जंतुसंसर्ग असतो. वळ्यांमध्ये लालभडक चट्टा आणि कडेला सुटे ठिपके असतील तर बहुधा बुरशी. दोन्ही गाल कोरडे, खूप खाजरे आणि कोपर, गुडघे, टाळूवरही तसंच असेल तर एक्झिमाचा विचार करावा लागतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत गांध्या उठल्या, तर ती ॲलर्जी. ओठ सुजले, उलट्या किंवा धाप लागली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठायला हवं.

भरपूर लाळ, खाणंपिणं बंद आणि सोबत ताप, हे चित्र तर हमखास फसवतं. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड दिसले तर तो हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर हर्पिसचा पहिला संसर्ग असू शकतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, दातांचा त्रास म्हणून आणलेल्या २० बाळांपैकी ९ जणांच्या तोंडात हर्पिसचा विषाणू सापडला होता.

आणि गोवर. तीव्र ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून आणि केसांच्या कडेपासून सुरू होऊन चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ. मुंबईत गोवंडी परिसरात २०२२ साली गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात मुलं दगावली. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. नेमका हाच दात येण्याचा काळ. दातांमुळे बाळ किरकिरं आहे म्हणून ती पुढे ढकलू नये.

तेव्हा कसोटी सोपी ठेवावी. पुरळ लाळ पोचते तिथेच आहे, ताप नाही, बाळ खेळतंय, दूध पितंय आणि कोरडं ठेवून जेली लावल्यावर चार-पाच दिवसांत उतार पडतोय, तर ते लाळेचं आहे आणि घरची काळजी पुरे. यातली एखादी गोष्ट जरी जुळत नसेल, तर दात बाहेर येण्याची वाट पाहत बसू नका. बाळाला डॉक्टरांकडे न्या.