तबकडीवरचा हिशेब

मुंबईकराच्या तोंडी ‘मीटर’ हा शब्द आला की त्याला आधी टॅक्सी आठवते. गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला तो जड ठोकळा, त्याचा झेंडा खाली पाडताना होणारा आवाज आणि ‘मीटरने येणार का?’ हा आपला पिढीजात प्रश्न. त्याच काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या आत, चालकाच्या समोर, आणखी एक मीटर असायचा. वेग दाखवणारा. तो बहुधा बंदच असायचा. काटा शून्यावर टेकलेला आणि टॅक्सी मात्र माहीमच्या कॉजवेवरून सुसाट. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, पण त्या आतल्या मीटरसाठी कुणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही. बाहेरच्या मीटरवर पैसे अवलंबून होते, आतल्यावर नव्हते.

ज्या आकड्यावर पैसे अवलंबून नाहीत तो आकडा कोण आणि कसा जपतो, यावरून माणूस कळतो, असं मला बँकेतल्या नोकरीने शिकवलं. निवृत्तीनंतर त्याचा पडताळा आला तो एका मोटारीच्या डॅशबोर्डापाशी, आमच्या दिंडोशीत.

दिंडोशी आणि स्पोर्ट्स कार ही जोडी जरा विजोड वाटेल. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून उभी केलेली नागरी निवाराची वसाहत, बेस्टचा डेपो, पलीकडे चित्रनगरी आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो, ही आमची ओळख. जुन्या मोटारी इथे दिसतात त्या चित्रनगरीत शूटिंगला निघालेल्या. पण आमच्या शेजारच्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीमागे, ताडपत्रीखाली एक एमजी टीसी उभी होती. १९९६ पासून ती हलली नव्हती. मूळ मालक एका कारखान्यात फोरमन होते. १९६८ साली भंगाराच्या भावात घेतलेली ही गाडी त्यांनी हाताने जुळवून चालती केली होती. ते गेले. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी राहिला, पन्नाशीत परतला आणि त्याने ताडपत्री काढली.

एमजी टीसी ही इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनची गाडी. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. साडेबाराशे सीसीचं इंजिन, तारांची चाकं, दोन माणसांपुरती जागा. महायुद्ध संपवून घरी निघालेल्या अमेरिकन सैनिकांना या गाडीने वेड लावलं आणि स्पोर्ट्स कार ही चीज त्या देशात रुजली, असं म्हणतात. मुंबईलाही हे वेड नवं नव्हतं. तरुणपणी जे. आर. डी. टाटा बुगाटी पळवत असत, हे त्यांच्या चरित्रातून सर्वांना ठाऊक आहे.

टीसीच्या डॅशबोर्डाची एक गंमत आहे. चालकासमोर जी मोठी तबकडी असते ती वेगाची नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांची, म्हणजे आरपीएमची. वेगाचा काटा असतो बाजूला बसणाऱ्याच्या समोर. म्हणजे नवरा गाडी चालवणार आणि ती किती वेगाने चालली आहे हे बायकोला दिसणार! घराघरात अलिखित असलेली व्यवस्था इंग्रजांनी लाकडी फळीवर स्क्रूने पक्की केली, इतकंच.

या तबकड्यांच्या मागे काय असतं, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. फियाटसारख्या आपल्या ओळखीच्या जुन्या गाड्यांत वेगाचा काटा चुंबकावर चालतो. गिअरबॉक्सपासून एक लवचीक केबल येते, तिच्या टोकाला चुंबक फिरतं आणि त्याभोवतीची अॅल्युमिनियमची वाटी, स्पर्श न होताही, त्याच्या मागे ओढली जाते. वाटीला काटा जोडलेला आणि काट्याला मागे खेचणारी एक केसासारखी स्प्रिंग. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मन माणसाने या युक्तीचं पेटंट घेतलं. यातला धोका असा, की वर्षांनुवर्षांनी चुंबक क्षीण होतं आणि काटा कमी वेग दाखवू लागतो. गाडी साठने चाललेली आणि काटा म्हणतो पन्नास. बंद मीटर निदान कुणाला फसवत नाही.

टीसीचा मीटर याहून जुन्या वळणाचा, चक्क घड्याळाच्या जातीचा. आत घड्याळासारखं बॅलन्सचाक टिकटिकतं, ते एक ठरावीक क्षण मोजून देतं, तेवढ्यात केबल किती फिरली ते चाकं मोजतात, काटा तिथे नेऊन ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून हा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. मला त्यात आमच्या कॅशियरची शिस्त दिसली. नोटा मोजल्या, आकडा लिहिला, मग पुढची गड्डी. अंदाजपंचे काही नाही.

तेलाच्या दाबाचा मीटर आणखी सोपा. १८४९ साली बुर्दाँ या फ्रेंच कारागिराने शोधलेली वाकडी पितळी नळी. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की सरळ होते ना, तेच तत्त्व. तेलाचा दाब वाढला की नळी किंचित उलगडते आणि काटा वर चढतो. आणि पेट्रोलचा काटा? टीसीला तो नाहीच. पेट्रोल संपत आलं की एक छोटा दिवा लागतो.

मुलाने हे सगळे मीटर काढून एका खोक्यात घालून आणले तेव्हा त्याच्या मनात तीन गोष्टी होत्या. त्याचं म्हणणं त्याने मला सरळ सांगितलं, “काका, तबकड्या नव्या छापून घेतो, मैलांऐवजी किलोमीटर टाकतो. आतलं यंत्र काढून इलेक्ट्रॉनिक बसवतो, उपग्रहावरून वेग घेणारं. आणि आकडे शून्यावर आणतो. गाडी नव्याने सुरू होतेय, तर शून्यापासून होऊ दे.”

यात चुकीचं काय, असं कुणालाही वाटेल. जगभर हौशी लोक हे करतात. वरून जुनी तबकडी, आत नवं यंत्र. सोय आहे, अचूकपणा आहे. मी विरोध केला नाही. मालाडला एक वृद्ध घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे आधी दाखवू, इतकंच म्हटलं. कारण ज्यात बॅलन्सचाक आहे ते काम गॅरेजचं नव्हे, घड्याळजीचं.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, मोडलेलं काहीच नाही. तेल वाळून डिंक झालंय. तीस वर्षं झोपलाय हा. धुऊन, तेल देऊन उठवू.” तबकडीवर काही अंक पुसट झाले होते. ते म्हणाले, गेलेत तेवढेच भरू, आहेत त्यांना हात लावायचा नाही. आणि एक ताकीद दिली, ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळात काट्यांवर आणि अंकांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावत असत. आज तो चमकत नाही, म्हणून तो मेला असं समजू नये. रंगातलं चमकणारं द्रव्य थकतं, रेडियम थकत नाही. त्याची शक्ती निम्मी व्हायला सुमारे सोळाशे वर्षं लागतात. अशी तबकडी घरी खरवडायला घेतली तर ती धूळ श्वासावाटे पोटात जाते. तिची काच न उघडणं किंवा जाणत्याकडे देणं, हेच शहाणपण. सुदैवाने या तबकड्यांवर तो रंग नव्हता.

राहता राहिला आकडे शून्यावर आणण्याचा प्रश्न. घड्याळजींनी तो धुडकावला. “ते काम मी करत नाही. दुसरीकडे पाच मिनिटांत करून देतील.”

मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, त्याला कारण आहे. बँकेत असताना जुन्या गाड्यांवरची कर्जं माझ्या टेबलावरून गेली आहेत. तपासणीला गेलं की मीटर सांगायचा तीस हजार आणि ब्रेकच्या पेडलवरचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर सांगायचं सव्वा लाख. मीटर मागे फिरवणं हा धंदा जगभरचा आहे. अमेरिकेने त्याविरुद्ध १९७२ साली स्वतंत्र कायदा केला. पण आमच्या खातेवहीचा नियम कायद्याहून जुना होता. आकडा चुकला तर खोडरबर नाही, ब्लेड नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. दुरुस्ती झाली हे दिसलं पाहिजे. लपलेली दुरुस्ती म्हणजे अफरातफरीची धाकटी बहीण.

जुन्या मोटारींच्या जगात हाच नियम आहे हे मला नंतर कळलं. १९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने तुरीनची सनद म्हणून जी तत्त्वं मान्य केली आहेत, त्यांचा गाभा एवढाच, की शक्य तितका कमी हात लावा, जो बदल कराल तो ओळखू यावा आणि परत काढता यावा. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची मुभा. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. डॅशबोर्डावरच्या काट्यांचं काय करायचं ते मालकाच्या विवेकावर सोडलेलं आहे.

तो विवेक शेवटी घरातूनच आला. मुलाची आई ऐंशी ओलांडलेली. शून्याची गोष्ट कानावर गेली तेव्हा त्यांनी कपाटातून एक वही काढली. फोरमनसाहेब पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि मीटरवरचा आकडा लिहीत. अठ्ठावीस वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. शेवटची नोंद होती ६१,४०२. मुलाने खोक्यातला मीटर काढून पाहिला. त्यावर होते ६१,४१३.

अकरा मैलांचा फरक! मी जुना बँकवाला, माझ्या कपाळाला आठी पडली. वही चुकली की मीटर?

“दोन्ही बरोबर आहेत,” आई म्हणाल्या. “पेट्रोल भरलं की ते लिहायचे. त्यानंतर एकदाच आम्ही दोघं आरेतून पवईच्या तलावापर्यंत जाऊन आलो. सावकाश. पुढच्या महिन्यात ते गेले. पेट्रोल भरलंच नाही, तर लिहिणार कोण?”

ते अकरा मैल जगात फक्त त्या मीटरवर लिहिलेले होते. शून्यावर आणण्याचा विषय तिथेच संपला.

बाकीचं काम तीन महिने चाललं. वेगाचा मीटर धुतला, उठवला, मैल तसेच ठेवले. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा टीसीमध्ये डायनामोच्या मागच्या एका लहानशा गिअरपेटीवरून फिरतो. तिचे दाते झिजले होते, ते नवे पाडून घेतले. एक बदल मात्र ठरवून केला. टीसीला पाण्याच्या तापमानाचा काटा मुळात नाही. इंग्लंडच्या थंडीत त्यावाचून चालत असेल, दिंडोशीच्या सिग्नलवर मे महिन्यात चालणार नाही. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात एक मीटर मिळाला, पण त्याची केसासारखी तांब्याची नळी तुटलेली. या नळीत ईथर असतं, तुटली की ते उडून जातं. दुसऱ्या, स्वस्त मीटरची ईथरने भरलेली नळी तिला जोडायची, आणि जोडताना ते उडू नये म्हणून तिचं टोक बर्फात आणि खडे मिठात बुडवून ठेवायचं. आपण उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवायचो, तेच शास्त्र. (ईथर पटकन पेट घेतं, तेव्हा हा प्रयोग घरी नको.) तो मीटर डॅशबोर्डाखाली वेगळ्या पट्टीवर बसवला. फळीला एकही नवं भोक पाडलं नाही. उद्या कुणाला नको वाटला तर दोन स्क्रू काढले की झालं. आणि वहीत मुलाने स्वतःच्या अक्षरात नोंद केली, काय बदललं, कुणी, कोणत्या तारखेला. खाली सही.

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपल्याला बहुधा ती नवी दिसायला हवी असते. घराला रंग काढला की भिंतीवरच्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा जातात, आणि त्या गेल्या हे आपल्या लक्षात येतं ते मुलं परगावी गेल्यावर. वस्तू चालती करावी, सुरक्षित करावी, सोयीसाठी चार गोष्टी जोडाव्यात. यात काही गैर नाही. फक्त तिच्यावर आपल्याआधी ज्याने आयुष्य काढलं त्याचा हिशेब आपण खोडू नये. पुढची रक्कम त्याच्या खाली मांडावी.

गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली त्या रविवारी सकाळी आई बाजूला बसल्या होत्या, वेगाच्या काट्यासमोर. तपासणीसाठी मोबाइल त्यांच्या हातात दिला होता. तो किलोमीटर सांगत होता आणि मीटर मैल. दोन्हींचा मेळ बसतो का हे मुलगा मनात गुणाकार करून पाहत होता. आईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. “तीस झाले,” काट्याकडे बघत त्या म्हणाल्या, “आता हळू घे.”