गोडादऱ्यातून आठवण बहिणाईची

सुरतच्या गोडादऱ्याच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आज्यांच्या गप्पा ऐका. कुणाची अहिराणी, कुणाची लेवा बोली. उधन्याहून ताप्ती लाईनची गाडी धरली की थेट जळगाव. म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी इथल्या खानदेशी घरांना आपल्याच आजीसारख्या वाटतात.

जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा, महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आल्या. तिशीतच पती नथूजी गेले. पदरात ओंकार, सोपान आणि काशी. पुढे प्लेगनं ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. पण माउली खचली नाही. शेत, जातं, चूल सगळं सांभाळलं आणि काम करता करता ओव्या रचत गेली.

अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी झाला, त्यानं आणि त्याच्या एका मावसभावानं ऐकून ऐकून काही गाणी वहीत उतरवली. बाकीची वाऱ्यावरच गेली!

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ज्या बाईनं शाळा पाहिली नाही, तिचंच नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.

तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात? आजच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक घरात सोपानदेव असतोच असं नाही. 🙏

#बहिणाबाई #खानदेश #गोडादरा